कुंपणापलीकडची धार

बाई,

तुम्ही गेलात त्याला आता वीसेक पावसाळे होऊन गेले. एवढं लांब मी कधी काही लिहिलं नाही. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तुमच्या बंगल्याच्या ओसरीवर, दुपारच्या वेळी, पाटीवर बोट ठेवून. म्हणून लिहायला बसले की माझी भाषा तुमच्यासारखी पुस्तकी होते. बोलताना मी अजून 'मले' आणि 'तुमाले'च म्हणते. तुम्हाला त्याचं हसू यायचं आणि आम्हाला तुमचं. पुण्याच्या शास्त्र्याकडून मराठी शिकून तुम्ही आमच्या वऱ्हाडात आलात आणि पहिल्याच दिवशी गोठ्यात उभं राहून म्हणालात, "आता या धेनूचे दोहन करावे." आम्ही चौघीजणी पदर तोंडाशी धरून कुंपणाबाहेर उभ्या होतो. माझ्या जावेनं हळूच विचारलं, "काय म्हणते व हे?" मी म्हटलं, "गाईची धार काढतो म्हणते वाटते." मग तुम्ही बाह्या वर सारून खाली बसलात आणि आमचं हसणं थांबलं, कारण तुमचे हात आमच्यासारखेच होते. नखं कापलेली, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा. गोऱ्या बाईच्या हाताला घट्टा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुमचे साहेब पाद्री. ते झाडाखाली उभं राहून धर्म सांगायचे आणि लोक ऐकून घरी जायचे. तुम्ही मात्र तुमच्या मुलखात शेतकऱ्याची लेक होतात, दुभत्यातच वाढलेल्या, आणि तिथल्या तुमच्या देवळातल्या लोकांनी वर्गणी करून तुम्हाला या कामासाठी पाठवलं होतं की इथल्या शेतकऱ्यांना गुरं नीट राखायला शिकवावं. हे मला फार पुढं कळलं. तेव्हा गावाला एवढंच ठाऊक होतं की नांदगावच्या वाटेवर, आमच्या मळ्याला लागून एक बंगला झाला आहे, त्यातल्या मडमेला गुरांचं वेड आहे आणि तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही. तुम्हालाही ते ठाऊक होतं. म्हणून तुम्ही कधी आमच्या भांड्याला हात लावला नाही, आमच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाही. तुमची गाय तिकडे, माझी म्हैस इकडे, मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. तुम्ही तिकडे करायचं आणि मी इकडे पाहून करायचं.

ते दिवस कापसाचे होते. कुठंतरी दूर देशी लढाई लागली होती आणि तिथला कापूस बंद झाला म्हणून आमच्या कापसाला असा भाव आला की माणसं बावरून गेली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, त्या साली सगळं वावर कपाशीखाली आणलं. ज्वारीला एक ओळही ठेवली नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मंग कडब्याचं कसं? ढोरं काय खातीन?" मामाजी म्हणाले, "कडबा भेटते बाजारात. जेवाले ज्वारीबी भेटते. तू चूल पाह्य." सगळ्या गावानं तेच केलं, म्हणून बाजारात कडबा आणायला कुणाकडेच उरला नाही. नाल्याकाठचं चराईचं रानही नांगरलं गेलं. आणि अमरावतीत माणसं मावेनाशी झाली. व्यापारी, अडते, हमाल, गाडीवाले, सरकी काढणाऱ्या बाया. सगळ्यांना दूध हवं. आमच्या गावातून रोज सकाळी दुधाच्या घागरी शहराकडे जायच्या, आणि त्यात माझीही एक होती.

म्हैस माझी होती. माझ्या बापानं लग्नात आंदण दिलेली, गाडीमागं बांधून माझ्याबरोबर सासरी आलेली. घरातलं दुसरं काहीच माझं नव्हतं, म्हणून तिचं दूध शहरात जातं याचा मला भारी ताठा होता. त्या वर्षी ती व्याली आणि मी चारही सड रिकामे करू लागले. पारडू धार सुटेपर्यंत लावायचं आणि मग ओढून खुंट्याला बांधायचं. ते ओरडायचं. मी घागर डोक्यावर घेऊन निघून जायची. आज हे लिहिताना त्याच्या बरगड्या मला दिसतात. तेव्हा दिसल्या नव्हत्या असं नाही, पण मी तिकडे पाहत नव्हते. एका सकाळी ते उठलंच नाही.

तुम्ही कुंपणाशी आलात. मी पारड्याशेजारी बसले होते. तुम्ही तुमच्या त्या शास्त्र्याच्या भाषेत म्हणालात, "हे वत्स रोगाने मेले नाही. भुकेने मेले. याचे दूध तुम्ही विकले."

मला असा राग आला की बाई, काय सांगू. मी म्हटलं, "तुमाले काय जाते? मही म्हैस, मह्यं दूध."

"मला काही जात नाही," तुम्ही म्हणालात. "पण उद्या सकाळी या म्हशीला तुम्ही काय सांगाल?"

आणि निघून गेलात. मला कुणी मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. आमच्यात सासू ओरडते, नवरा ओरडतो, ते अंगावरून जातं. तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून ते बोलणं दिवसभर माझ्यामागं फिरलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं थेंब दिला नाही. कास भरलेली, पण ती पान्हा सोडेना. मला जवळ येऊ देईना, मान वळवून वळवून खुंट्याकडे पाहायची. असं झालं की आमच्याकडे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते पुढं ठेवायची रीत आहे, पण पारडू आदल्या दुपारीच ओढून नेलं होतं. माझ्या घरधन्यानं तिचे मागचे पाय बांधून पाहिले, तर तिनं चरवी फेकून दिली. तीन दिवस असं गेल्यावर मामाजी म्हणाले, "भाकड म्हैस पोसाले आता चारा कोठून आणू? येत्या बाजारी नेतो तिले." बाजारी नेतो म्हणजे कुठं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आटलेली म्हैस त्या चाराटंचाईत खाटकाशिवाय दुसरं कोण घेणार? मी कधी त्यांच्यापुढं बोलले नव्हते. त्या दिवशी पदर कपाळावर ओढून बोलले, "मामाजी, बाजाराले अजून आठ रोज हायेत. आठ रोज मले द्या."

"काय करशीन आठ रोज?"

"पाहातो," मी म्हटलं. काय पाहणार ते मलाही माहीत नव्हतं. मी तिथून थेट कुंपणाशी गेले आणि मान खाली घालून उभी राहिले. तुम्ही तुमच्या गाईला चारा घालत होतात. मला वाटलं आता तुम्ही त्या पारड्याचं काढाल. तुम्ही फक्त म्हणालात, "पाणी कोमट करून आणा. आणि एक स्वच्छ फडके."

ते आठ दिवस मला आजही एकेक करून आठवतात. उजाडता उजाडता तुम्ही तिकडे गाईजवळ बसायचात, मी इकडे म्हशीजवळ. हात धुवायचे. कोमट पाण्यात फडकं भिजवून कास पुसायची, हळू, जसं लेकराचं अंग पुसतो. पुढ्यात भिजवलेली मूठभर सरकी. मग डोकं तिच्या पोटाला टेकून बसायचं आणि अंगठ्यानं न ओढता मुठीनं दाबायचं. रोज तीच वेळ, तेच माणूस, तीच चरवी. मारायचं नाही, ओरडायचं नाही, घाई करायची नाही. दूध नाही आलं तरी तेवढाच वेळ बसून उठायचं. "तिने तुमच्यावर विश्वास ठेवावा असे तुम्ही काय केले आहे?" तुम्ही एकदा विचारलंत. मी म्हटलं, "काईच नाही." "तर मग बसा," तुम्ही म्हणालात.

जाऊ हसायची. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "मडमेनं मंतर देला काय व?" मी घागर भरून निघायची. पाचव्या दिवशी म्हशीनं मला लाथ मारली नाही. सहाव्या दिवशी तिनं सरकी खाताना मान वळवून माझा खांदा हुंगला. तुम्ही तुमच्या गाईपाशी तुमच्या भाषेतलं देवाचं गाणं म्हणत होतात आणि मला म्हणालात, "तुम्हीही काही गा. आवाजाने ती शांत होईल." तुम्ही मला त्या गाण्याच्या दोन ओळी शिकवल्याही. पुढं कळलं की साहेबांनी तुमच्या देवळातल्या लोकांना पत्र लिहिलं, एका वऱ्हाडी बाईनं आपलं भजन गायलं आणि तिच्या जनावरानं दूध दिलं. बाई, मी ते भजन गायलं नव्हतं. जात्यावर बसून आम्ही माहेरच्या ओव्या म्हणतो, त्या मी म्हणत होते. ती म्हैस माझ्या माहेरची होती, तिला तुमची भाषा कुठली कळायला?

आठव्या सकाळी मी बसले तेव्हा मनातून हरलेली होते. दुसऱ्या दिवशी बाजार. मामाजींनी दोरही काढून ठेवला होता. मी कास पुसते आहे, ओवी म्हणते आहे आणि फडक्याखाली सड ताठ होताना मला जाणवतो. मी श्वास रोखते. मूठ दाबते आणि चरवीच्या तळाशी धार वाजते. पितळेवर दुधाची पहिली धार वाजते तो आवाज मी लहानपणापासून ऐकला होता, पण त्या दिवशी तो मी ऐकला असं म्हणायला हवं. मग दुसरी धार, तिसरी. माझ्या डोळ्यांतून पाणी जात होतं आणि हात थांबत नव्हते. तुमचं गाणं कुंपणापलीकडे बंद पडलं. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहत राहिलात. चरवी फेसानं वर आली तेव्हा माझ्यामागं कुणी तरी खाकरलं. मामाजी होते. हातात दोर होता. त्यांनी चरवीत पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, दोर खांबाला अडकवला आणि दुधाची चरवी स्वतः उचलून घरात नेली. आमच्या घरात बापे दुधाचं भांडं उचलत नसत. आत्याबाई चुलीपासून उठून उभ्या राहिल्या होत्या म्हणे.

त्यानंतर चार बाया कुंपणाशी यायच्या त्या चौदा झाल्या. तुम्ही मला बसायचं तीन पायांचं एक लाकडी स्टूल करून दिलंत, तुमच्या हातानं तासून. ते तुम्ही कुंपणावरून माझ्या हाती दिलं नाहीत. काट्यांपाशी जमिनीवर ठेवून चार पावलं मागं सरलात, म्हणजे मला ते घेताना संकोच वाटू नये. मी ते उचललं आणि तुमच्यादेखत त्यावर बसले.

मग आश्विन आला आणि तुम्ही लांब दांड्याचा विळा काढलात. उभं राहूनच गवत कापायचा, तुमच्या मुलखातला. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गवत फुलोऱ्यावर आलं होतं, अजून हिरवंगार, आणि तुम्ही ते सपासप कापायला लागलात. गाव पाहायला लोटलं. आम्ही गवत कापतो ते पार वाळून पिवळं पडल्यावर, दिवाळीनंतर. मामाजी म्हणाले, "हिरवं गवत कापून वाळोते. या बाईनं तं ढोराच्या तोंडचा घास मातीत घातला." तुम्ही मला सांगितलंत की वाळून उभं राहिलेल्या गवतात नुसती काडी उरते, फुलावर आलेलं कापलं, दोन दिवस उन्हात उलटंपालटं केलं आणि हिरवा वास असतानाच गंजी लावली तर त्यात दूध राहतं. "दूध राहते" असंच म्हणालात. मी ते धरून बसले. आम्ही पाचजणींनी आपापले धुरे कापले, नाल्याचे काठ कापले. आमच्या घरात रोज कुरकुर, कपाशीत निंदण राहिलं आणि ही गवत कापते. एकदा पावसाची सर आली आणि अर्धं गवत काळं पडलं. मी ते गुपचूप गंजीत घालणार होते. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "सडकी एक पेंढी गंजी नासवील. फेका." मी रडत फेकलं. पण फेकलं.

त्या उन्हाळ्यात गावात कडब्याची काडी उरली नाही. बैल उठता उठेनात. आणि घराघरांत कापूस छतापर्यंत भरलेला. त्याला सोन्याचा भाव, पण तो अमरावतीला ओढून न्यायला बैलात जीव नाही. मामाजी रोज सकाळी ओसरीवर बसून त्या कापसाकडे पाहायचे. माझी म्हैस मात्र वैशाखातही दोन्ही वेळ दूध देत होती. एका दुपारी ते गोठ्याच्या दाराशी आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "बैलाले चार पेंढ्या देशीन काय?"

मी गंजीचं वरचं झाकण काढलं. आतून तो वास आला, आश्विनातल्या उन्हाचा, आणि बैलांनी बांधल्या जागी मान वर केली. मामाजी एक पेंढी हातात घेऊन हुंगत राहिले. पंधरा दिवसांत बैल जुवाखाली उभे राहिले. आमची गाडी गावातून सगळ्यांत आधी निघाली, कापसानं लादलेली, आणि वेशीपाशी मामाजींनी ती थांबवली, लोक जमले होते त्यांना सांगितलं, "हे बैल मह्या सुनेच्या गवतावर चालून राहिले." मी वेशीच्या आडून ऐकत होते. बाई, त्या दिवशी माझी उंची चार बोटं वाढली असेल.

पुढच्या आश्विनात सगळं गाव धुऱ्यांवर होतं. बाया, बापे, म्हातारी माणसं. तुम्ही सांगायला येणार म्हणून मामाजींनी लिंबाखाली बाज टाकून ठेवली, तिच्यावर धुतलेली गोधडी. तुमच्या हातचं पाणी ते पीत नव्हते, शेवटपर्यंत प्यायले नाहीत. पण त्यांनी तुम्हाला बसायला बाज दिली आणि स्वतः समोर उभे राहिले. तुम्ही शास्त्र्याच्या भाषेत सुरुवात केलीत आणि मग थांबून, माझ्याकडे पाहून म्हणालात, "गवत फुलावर आलं का कापाचं. काहून? सांगतो." गाव हसलं. पण ते पहिल्या दिवसासारखं हसणं नव्हतं.

धर्माचं तुम्ही मला एकदाच विचारलंत. मी म्हटलं, "बाई, मले घर हाये, दोन लेकरं हायेत." तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत की म्हशीला सरकी किती घालता. साहेबांना वाईट वाटलं असेल. तुम्हाला वाटलं का, ते मला कधी कळलं नाही.

तापानं तुम्ही चार दिवसांत गेलात. साहेब पुढं आपल्या देशी परतले आणि बंगल्यात दुसरं कुणी आलं नाही. कापसाचा तो भाव तर त्याआधीच पडला होता. लढाई संपली आणि लोक जमिनीवर आले. पण गवताच्या गंज्या राहिल्या. आता आमच्या बाजूच्या गावागावांत आश्विनात गवत कापतात, पारड्याला एक सड सोडतात, धार काढण्याआधी हात धुतात. नव्या सुना समजतात की हे पहिल्यापासून असंच आहे. माझ्या दावणीला आज सहा म्हशी आहेत, सगळ्या त्याच एकीच्या वंशातल्या.

परवा मला अकोल्याला बोलावलं होतं. तिथल्या एका मोठ्या जमीनदारानं गुरांचा मेळा भरवला आणि बायांना धार काढणं नि चारा राखणं सांगायला माणूस हवं होतं, तर कुणी तरी माझं नाव दिलं. मी, बाई, बडनेऱ्याहून आगगाडीत बसून गेले. मंडपात पन्नास-साठ बाया होत्या. एका आडमुठ्या म्हशीजवळ, जिचं पारडू गेलं होतं, मी जाऊन बसले. मला तिच्यासाठी आठ दिवस कुणी देणार नव्हतं, म्हणून मी दूध काढून दाखवते असं म्हटलंच नाही. कसं बसायचं ते दाखवलं आणि तिच्या मालकिणीला सांगितलं, रोज बस. त्या बाया माझ्या हातांकडे पाहत होत्या, जसं आम्ही तुमच्याकडे पाहायचो. मग त्यातली एक तरणी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हे तुमी कोठी शिकल्या?"

मी म्हटलं, "कोठी नाही. मह्यं मलेच सुचलं."

हे मी पहिल्यांदा म्हटलं नाही. तुम्ही होतात तेव्हापासून म्हणत आले आहे. सुरुवातीला भीतीनं, पाद्र्याच्या बंगल्यातून शिकले असं कळलं असतं तर अमरावतीत माझं दूध कुणी घेतलं नसतं. मग ती भीती गेली. गाव तर सगळं जाणतच होतं. पण परक्या गावी गेले की तोंडातून तेच निघतं, कारण ते म्हणायला गोड लागतं. परतीच्या गाडीत मला त्याची लाज वाटली, थोडी. पण खरं सांगते, त्या बाया ज्या नजरेनं माझ्याकडे पाहत होत्या, त्यातली अर्धी नजर तुम्हाला देणं मला जिवावर आलं.

आत्ता सून दारातून विचारून गेली, "आत्याबाई, कोणाले लिहून राहिल्या एवढं?"

"कोणाले नाही," मी म्हटलं. "म्हशीचं टिपून ठेवून राहिली."